जुना चांदीचा रुपया विकत घेताना: पारख, प्रत आणि किंमत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या घरांतून अजूनही राणीछाप रुपये निघतात. कुठे ते लक्ष्मीपूजनाच्या थैलीत असतात, कुठे देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत, तर कुठे आजीच्या पेटीत एखाद्या माळेत ओवलेले. वाटण्या झाल्या, घर पाडायला निघाले किंवा लग्नासाठी पैसे उभे करायचे झाले की यांतले बरेच रुपये सराफाकडे मोडीत जातात आणि पुढे वितळवले जातात. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरलेले असल्यामुळे टंच (शुद्धतेचे प्रमाण), तूट, शुद्ध चांदी हा हिशोब इकडच्या लोकांना चांगला कळतो. मात्र या हिशोबात सारखे ठरणारे दोन रुपये संग्राहकाच्या हिशोबात एकमेकांपासून फार लांब असू शकतात. दोघांत चांदी तेवढीच असली, तरी एकाचा पृष्ठभाग टाकसाळीतून निघाला तेव्हाचा टिकून आहे आणि दुसरा घासून गुळगुळीत झालेला आहे, या एका कारणाने किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून नवा संग्राहक जेव्हा विचारतो की आधी काय शिकावे, तेव्हा माझे उत्तर ठरलेले असते: आधी पृष्ठभाग वाचायला शिकावे, वर्षांच्या याद्या नंतर पाठ कराव्यात.

त्यासाठी साधने थोडीच लागतात. दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा एवढे पुरते. नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावे, खाली मऊ कापड अंथरलेले असावे आणि पाहताना नाण्यावर बोलू नये, कारण थुंकीचे बारीक थेंब चांदीवर कायमचे डाग पाडतात.

आधी ओळख, मग वजन

ब्रिटिश अमलातील रुपयाचे प्रमाण १८३५ च्या कायद्याने एकसारखे झाले. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हेच वजन पुढे एक तोळा म्हणून रूढ झाले आणि जुन्या माणसांच्या तोंडी ‘रुपयाभार’ हे माप राहिले. अधेली (अर्धा रुपया) ५.८३ ग्रॅमची आणि पावली (पाव रुपया) २.९२ ग्रॅमची असते. ९१.७ टक्के चांदी धरली तर एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने त्याला गुणले की रुपयाची तळकिंमत मिळते आणि पुढची सगळी घासाघीस त्या तळापासून वर होते.

या रुपयांचा क्रम असा आहे. १८३५ चा रुपया चौथ्या विल्यमचा, तर १८४० चा तरुण व्हिक्टोरियाचा, आणि हे दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीचे. कंपनीचे राज्य गेल्यावर १८६२ मध्ये राणीचा मुकुटधारी चेहरा आला, पण १८७४ पर्यंत रुपयांवर वर्ष १८६२ हेच राहिले. त्यामुळे १८६२ चे रुपये विपुल आहेत आणि केवळ जुने वर्ष पाहून त्यांना जास्त पैसे देण्याचे कारण नाही. त्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून संग्राहक त्यांचे प्रकार पाडतात, पण तो अभ्यास पुढच्या टप्प्यावर करावा. १८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आले आणि ते १९०१ पर्यंत राहिले. त्यानंतर १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज.

सहाव्या जॉर्जच्या रुपयापाशी मात्र थांबावे लागते, कारण येथेच नवे ग्राहक फसतात. १९३८ आणि १९३९ चे रुपये जुन्याच प्रमाणाचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त घालण्यात आले. हे रुपये १९४५ पर्यंत निघाले आणि त्यांत शुद्ध चांदी जेमतेम ५.८३ ग्रॅम असते. याच वेळी कडेच्या कंगोऱ्यांच्या मधोमध नक्षीची खाच असलेली सुरक्षा कडा आली, त्यामुळे कड पाहिली तरी फरक कळतो. १९४७ च्या वाघाच्या रुपयात तर चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. ‘राजाछाप म्हणजे चांदीच’ या समजुतीने घेणारे आणि विकणारे, दोघेही चुकतात.

टाकसाळीची खूण पाहून ठेवावी. पाचव्या जॉर्जच्या १९१२ नंतरच्या रुपयांवर मागच्या बाजूला अगदी खाली असलेल्या कमळाच्या फुलाखाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. व्हिक्टोरियाच्या अनेक रुपयांवर मुंबईसाठी ‘बी’ आणि कलकत्त्यासाठी ‘सी’ हे अक्षर मागच्या नक्षीत खाली दडलेले असते आणि ते भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. एकाच वर्षाच्या दोन टाकसाळींच्या नाण्यांत एक सर्रास मिळणारे आणि दुसरे दुर्मीळ असे होऊ शकते.

ओळख पटली की वजन करावे. चलनात फिरलेला रुपया झिजून ११.५ ग्रॅमच्या आसपास येतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण चेहरा स्पष्ट, कंगोरे तीक्ष्ण आणि वजन मात्र ११ ग्रॅमच्या खाली, अशी विसंगती दिसली तर नाणे परत करावे. झीज आणि वजन यांची गोष्ट एकमेकांशी जुळली पाहिजे.

झीज कशी वाचावी

प्रत ठरवणे म्हणजे चलनात नाण्याचा किती भाग झिजला आणि किती शाबूत आहे, हे ठरावीक जागा पाहून सांगणे. बाजारात यासाठी इंग्रजी नावेच चालतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड आणि अनसर्क्युलेटेड. अमेरिकेत रूढ झालेली १ ते ७० गुणांची शेल्डन श्रेणी आता आपल्याकडच्या लिलावांतही दिसते. तिच्यात व्हेरी फाइन २० ते ३५, एक्स्ट्रीमली फाइन ४० व ४५, अबाउट अनसर्क्युलेटेड ५० ते ५८ आणि त्यापुढे ६० ते ७० म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. हे आकडे शास्त्रीय वाटत असले तरी त्यांच्यामागे माणसाची नजर असते आणि दोन जाणकारांचे मत एका पायरीने वेगळे पडणे स्वाभाविक आहे.

झीज नेहमी सर्वांत उंच भागापासून सुरू होते. म्हणून प्रत्येक नाण्याच्या उंच जागा माहीत असल्या म्हणजे अर्धे काम झाले. मुकुटधारी व्हिक्टोरियाच्या रुपयावर आधी भुवईच्या वरचे व कानालगतचे केस पाहावेत, मग मुकुटातले मोती आणि शेवटी छातीवरच्या वस्त्राची नक्षी. वस्त्राची नक्षी पूर्ण वाचता येते, मोती सुटे मोजता येतात आणि केसांच्या बटा वेगळ्या दिसतात, असे असेल तर नाणे एक्स्ट्रीमली फाइन किंवा त्याहून वरचे. बटा एकमेकींत मिसळल्या असतील, पण मोती आणि नक्षी बहुतांशी टिकून असतील, तर व्हेरी फाइन. मोतीही सपाट होऊन मुकुटाचा पट्टा एकसंध दिसू लागला की नाणे फाइन किंवा त्याखाली आले.

सातव्या एडवर्डचे डोके मुकुटाविना आहे. कानावरचे केस आणि दाढी याच त्याच्या उंच जागा आणि त्या फार लवकर झिजतात. केसांच्या रेघा सुट्या दिसणारा एडवर्डचा रुपया मिळाला तर तो हातचा सोडू नये. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या छातीवरचा हत्ती पाहावा. हा हत्ती पदकाच्या साखळीत आहे आणि अंगरख्याच्या नक्षीत अगदी लहान कोरलेला आहे. त्याची सोंड, पाय आणि पाठ सुटी दिसत असतील तर नाणे वरच्या प्रतीचे. १९११ च्या पहिल्या साच्यात याच हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड आले की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपासच चलनात गेले, बाकीचे वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. त्यामुळे १९११ चा रुपया नेहमीच थोडा महाग मिळतो, पण त्यातही हत्तीच पुसला गेला असेल तर ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देतो तीच नाण्यावर उरलेली नसते.

झीज आणि कमजोर छाप यांत गल्लत होऊ नये. साचा झिजलेला असेल किंवा दाब कमी पडला असेल तर नव्या नाण्यावरही मुकुटाचा मधला भाग अस्पष्ट येतो. दोहोंतला फरक प्रकाशात कळतो. दिवा एका बाजूला ठेवून नाणे हळूहळू फिरवावे. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो आणि अस्पष्ट भागावरूनही न तुटता जातो. झिजलेल्या नाण्यावर तोच पट्टा उंच जागी येऊन तुटतो, तिथली चांदी मंद, करडी दिसते. ही एक तपासणी मन लावून शिकली तरी निम्म्याहून अधिक चुका टळतात. दोन्ही बाजूंची प्रत वेगळी असेल तर किंमत कमी प्रतीच्या बाजूने ठरवावी.

पेशवाईतला अंकुशी रुपया किंवा चांदवडचा चांदोरी रुपया समोर आला तर ही पट्टी बाजूला ठेवावी लागते. ही नाणी हाताने घण मारून पाडलेली आहेत आणि साचा नाण्यापेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नाही. मजकूर फारसीत आणि मोगल बादशहाच्या नावाने असतो. येथे झिजेपेक्षा छाप किती मधोमध बसली आहे, अंकुश पूर्ण आला आहे का आणि सनाचे आकडे वाचता येतात का, यावर किंमत ठरते. अशा नाण्यांवर सराफांनी पारखण्यासाठी मारलेल्या खुणा पुष्कळदा आढळतात. त्या वाईट नव्हेत, नाण्याच्या फिरण्याचा त्या पुरावा आहेत, पण किंमत मात्र कमी करतात.

घासलेली चांदी

आपल्या भागात चांगल्या नाण्यांचे सर्वांत मोठे नुकसान चोरांनी किंवा बनावट माल विकणाऱ्यांनी केलेले नाही, ते भक्तीने झालेले आहे. दर धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला रुपये बाहेर निघतात, चिंच, रिठे किंवा रांगोळीने घासून लखलखीत केले जातात, त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिले जाते आणि पुन्हा वर्षभरासाठी आत जातात. पिढ्यान् पिढ्या असे घासल्यावर चेहरा गुळगुळीत होतो आणि पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचे जाळे पसरते. पूजा करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्या दृष्टीने ते लक्ष्मीचे रूप आहे. मात्र ज्यांना पुढे हे रुपये संग्रहात ठेवायचे किंवा विकायचे आहेत, त्यांनी आजपासून घासणे बंद करावे आणि पूजेला एखादा साधा, झिजलेला रुपया वेगळा काढावा.

घासलेले नाणे ओळखण्याच्या तीन जागा आहेत. भिंगातून मोकळ्या भागावर एकाच दिशेने जाणाऱ्या किंवा वर्तुळाकार बारीक रेघा दिसतात. अक्षरांच्या पायथ्याशी काळसरपणा असतो आणि बाकी सर्वत्र पांढरी, निर्जीव चकाकी. आणि झिजलेल्या उंच जागाही सपाट भागाइतक्याच चमकतात, जे नैसर्गिक झिजेत कधी होत नाही. असे नाणे कितीही सुंदर दिसले तरी त्याला तळकिमतीपेक्षा फार वर जाऊ नये.

उलट जुन्या चांदीवर चढलेली करडी, निळसर किंवा सोनेरी झाक हा दोष नाही. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीवर सल्फाइडचा पातळ थर बसतो आणि तो सावकाश, एकसारखा बसलेला असेल तर जाणकार त्याला जास्त पैसे देतात. काळाकुट्ट, पापुद्रे सुटणारा किंवा खड्डे पडलेला थर मात्र वाईट. नाण्यावर तेलकट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, मऊ कापडावर टेकवून कोरडे करावे. पुसू नये. यापलीकडे नवख्याने काहीही करू नये.

कडी काढलेली नाणी हा आणखी एक प्रकार. माळेत घालण्यासाठी वरच्या कडेला डाक (धातूचा जोड) देऊन कडी बसवलेली असते आणि विकण्याआधी ती कापून, कानस फिरवून कड सारखी केली जाते. म्हणून घड्याळातल्या बाराच्या जागेची कड भिंगातून अवश्य पाहावी. कंगोरे तुटक असतील किंवा डाकाचा वेगळ्या रंगाचा ठिपका असेल, तर ते नाणे दागिन्यातले आहे.

बनावट नाणी आणि खात्री

ओतीव नकलेची अक्षरे मऊ, कडा गोलसर आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. कधी कडेवर साच्याच्या जोडाची रेघ दिसते. खरा रुपया बोटावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकावला तर लांबट, खणखणीत नाद देतो. चांगल्या प्रतीचे नाणे मात्र दगडावर कधीही आपटू नये.

घनता काढणे हा सर्वांत भरवशाचा घरगुती उपाय आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असे धरावे. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयाला पाण्यात साधारण १.१३ हा आकडा येतो, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. १९४० नंतरच्या रुपयाला तो १.२२ च्या जवळ येतो आणि जर्मन सिल्व्हरच्या (चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूच्या) नकलेला १.३५ च्या पुढे जातो. हे करताना नाण्याला बुडबुडे चिकटलेले नसावेत. चांदीचीच नक्कल असेल तर मात्र ही कसोटी काही सांगत नाही, तिथे भिंगच कामाला येते. सराफ कट्ट्यावर एक्स-रे यंत्राने टंच काढून मिळतो आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. खाच पाडून किंवा तेजाब लावून तपासण्यास कधीही संमती देऊ नये.

१९३९ चा रुपया हे बनावटीचे सर्वांत मोठे क्षेत्र आहे. तो अत्यंत दुर्मीळ असल्याने १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा शेवटचा आकडा बदलून तो तयार केला जातो. वजन, घनता, नाद सगळे बरोबर येते, कारण नाणे खरेच असते, खोटा असतो फक्त एक आकडा. त्या आकड्याभोवतीचा भाग खरवडलेला किंवा वेगळ्या रंगाचा आहे का हे पाहावे, आणि एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या नाणी पारखून प्रत ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित करून बंद पेटीत दिलेले असल्याखेरीज तो घेऊ नये. पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ सारखे वर्ष आणि राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे असलेले तुकडे ‘दैवी नाणे’, ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून गावोगाव दाखवले जातात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. या नादी लागून लोकांनी जमिनी विकल्या आहेत, म्हणून अशा माणसाला घरात घेऊ नये. तसेच रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी लाखोंना घेतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही, असे तिने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

सौदा, कायदा आणि जपणूक

भाव विचारण्याआधी प्रत आपल्या मनाशी ठरवून कागदावर लिहावी. विक्रेत्याने आकडा सांगितल्यावर नजर त्या आकड्याकडे झुकते, हा मनुष्यस्वभाव आहे. सराफाच्या मोडीच्या डब्यात वजनाच्या भावाने चांगले नाणे मिळू शकते, त्यासाठी त्याला आधीच सांगून ठेवावे की रुपये आले तर वितळवण्यापूर्वी दाखवा. लिलावात घेताना बोलीवर कमिशन आणि कर चढतो, तो मिळून किंमत मोजावी. एखाद्या वृद्ध बाईकडून थेट घेत असाल तर तिला तळकिंमत आणि नाण्याचे महत्त्व दोन्ही स्पष्ट सांगून योग्य पैसे द्यावेत. माझ्या मते असे न करता घेतलेले नाणे संग्रहात ठेवण्याजोगे नाही.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना हंडा सापडला असे कोणी सांगितले तर हात लावू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते स्वतः परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याकडून तारीख, वर्णन आणि वजन लिहिलेली पावती घ्यावी.

घरी आणल्यावर नाणे मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, त्यातून काही वर्षांनी हिरवा चिकट थर सुटतो. पॉलिस्टरची पाकिटे, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा कडक कॅप्सूल वापराव्यात. रबरबँड आणि वर्तमानपत्र दूर ठेवावे. तासगाव, पलूसकडे द्राक्षबागेवरच्या भुरीसाठी आणलेले गंधक ज्या खोलीत असते तिथे चांदी बघता बघता काळी पडते, म्हणून औषधांची खोली आणि नाण्यांचे कपाट एकत्र असू नये. सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात घेऊन संग्रह वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि महाबळेश्वर-पाचगणीकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ती दर पावसाळ्यात बदलावी. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी असावी: वर्ष, टाकसाळ, वजन, स्वतः ठरवलेली प्रत, कोणाकडून कधी व कितीला घेतले, आणि दोन्ही बाजूंचा एकाच प्रकाशात काढलेला फोटो.